एसटीपीमधलं ‘कल्चर मेलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न पुण्याच्या एका उपनगरातल्या २४० सदनिकांच्या सोसायटीच्या सचिवांचा आहे. उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी तो आधी थोडक्यात मांडतो. त्यांचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, दीडशे केएलडीचा, एक्सटेंडेड एअरेशन (सांडपाण्यात दीर्घकाळ हवा सोडण्याच्या) पद्धतीचा आहे. एअरेशन टँक १०० घनमीटरचा आणि मीटरवर रोजची आवक सरासरी ११० घनमीटर. प्रयोगशाळेचा ताजा अहवाल सांगतो : कच्च्या सांडपाण्याचा बीओडी २५०, सीओडी ५२०. प्रक्रियेनंतर बीओडी ३८, सीओडी १४०, टीएसएस ६२. एअरेशन टँकमध्ये एमएलएसएस ११००, एसव्ही-थर्टी १८०. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात बीओडीची मर्यादा १० आहे. फ्लशच्या पाण्याला वास येतो. ठेकेदार म्हणतो, ‘साहेब, कल्चर मेलंय’, म्हणजे टाकीत घाण खाणारे जिवाणू मेलेत, आणि दर महिन्याला कल्चरच्या पावडरीचं बिल लावतो. खालच्या मजल्यांवरून आवाजाची तक्रार आली, वीजबिलाचाही विषय होता, म्हणून टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवतात. त्यांना दोन गोष्टी हव्यात : या शब्दांचे अर्थ, आणि पावडर घ्यावी की नाही.

पावडर घेऊ नका. तुमचं कल्चर मेलेलं नाही, ते रोज पहाटे टाकीतून वाहून जातंय, आणि ते तुमच्याच अहवालातल्या आकड्यांत दिसतंय. शब्दांचे अर्थ त्याच ओघात सांगतो. सुटे सुटे अर्थ पाठ करून एसटीपी कळत नाही. एक आकडा दुसऱ्यावर ठेवून पाहिला की कळतो.

आधी एक साधं गणित पक्कं करा, पुढे सगळीकडे लागेल. अहवालातले बहुतेक आकडे ‘मिलिग्रॅम प्रतिलिटर’ असतात. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणून १ मिलिग्रॅम प्रतिलिटर म्हणजे दर घनमीटरला १ ग्रॅम. केएलडी म्हणजे रोजचे किती हजार लिटर, थोडक्यात किती घनमीटर. महापालिकेच्या प्रकल्पांबद्दल वाचताना एमएलडी दिसेल, ते रोजचे दशलक्ष लिटर. तुमच्याकडे २४० घरं, घरी चार माणसं, माणशी १३५ लिटर धरलं तर पाण्याचा वापर सुमारे १३० घनमीटर होतो, आणि त्यातला ऐंशी टक्के भाग गटारात येतो असं धरतात. म्हणजे साधारण १०४. तुमचा मीटर ११० दाखवतो, तेव्हा मीटरवर विश्वास ठेवायला हरकत नाही. पावसाळ्यात हाच आकडा दीडपट झाला तर पावसाचं पाणी चेंबरमधून आत शिरतंय असं समजा.

आता बीओडी. सांडपाण्यातलं सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. बंद बाटलीत, अंधारात, ठरावीक तापमानाला, ठरावीक दिवसांत किती ऑक्सिजन संपला, तो आकडा म्हणजे बीओडी. म्हणजे बीओडी हा स्वतः कुठला पदार्थ नाही, घाण किती आहे याचं ते आडून केलेलं मोजमाप आहे. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका शाही आयोगाने पाच दिवसांची चाचणी रूढ केली. आपल्याकडे हवा गरम, म्हणून २७ अंशांना तीन दिवसांची चाचणी चालते. अहवालात कुठली पद्धत लिहिली आहे ते पाहा. आणि नमुना सोमवारी नेऊन मंगळवारी अहवाल आला असेल, तर त्यातला बीओडी मोजलेला नाही, लिहिलेला आहे.

सीओडी हा त्याचा मोठा भाऊ. इथे जिवाणूंची वाट पाहत नाहीत. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लात नमुना दोन तास उकळतात आणि रसायनाने जे जे जळेल ते जाळतात. जिवाणूंना न पचणारंही त्यात येतं, म्हणून सांडपाण्यात सीओडी नेहमी बीओडीपेक्षा जास्त असतो. उलटं दिसलं तर प्रयोगशाळा बदला. दोघांचं गुणोत्तर मात्र फार बोलकं असतं. तुमच्या कच्च्या पाण्यात २५० भागिले ५२०, म्हणजे जवळपास निम्मं. घरगुती सांडपाणी असंच असतं, जिवाणूंना सहज पचणारं. हेच गुणोत्तर ०.२ वर आलं असतं तर मी तळमजल्यावरच्या दुकानांत लाँड्री किंवा रंगाचं काम चालतं का, असं विचारलं असतं. प्रक्रियेनंतर ते तुमच्याकडे ०.२७ झालंय. पचण्याजोगं बरंचसं संपलंय, न पचणारं उरलंय. मेलेल्या कल्चरची ही लक्षणं नव्हेत.

मर्यादेबद्दलही गोंधळ असतो. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत बीओडीची मर्यादा महानगरांसाठी २० आणि इतरत्र ३० होती. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ती १० वर आणायला सांगितलं, टीएसएस २० आणि सीओडी ५०. तुम्ही वाद घालू नका, तुमच्या संमतीपत्रात जे लिहिलंय ते तुम्हाला लागू.

टीएसएस म्हणजे पाण्यात तरंगणारे घन कण. गाळणकागदावर अडकतात ते वाळवून वजन करायचं, इतकंच. सगळी मेख इथे आहे. प्रक्रिया केलेल्या पाण्यातले हे कण म्हणजे माती नव्हे, बहुतांशी ते जिवाणूंचेच पुंजके असतात. जिवाणू हे स्वतःही सेंद्रिय द्रव्यच. बाटलीत गेले की तेही ऑक्सिजन खातात. क्षेत्रात वापरला जाणारा ढोबळ अंदाज असा की १ मिलिग्रॅम असे कण सुमारे अर्धा मिलिग्रॅम बीओडी दाखवतात. तुमचा टीएसएस ६२, त्याचा बीओडी अंदाजे ३१. एकूण बीओडी ३८. म्हणजे पाण्यात खरोखर विरघळलेला, जिवाणूंनी खायचा राहिलेला बीओडी जेमतेम ७. एअरेशन टँक आपलं काम जवळजवळ चोख करतोय, आणि त्यानंतरच्या निवळण्याच्या टाकीत, म्हणजे सेटलिंग टँकमध्ये, गाळ बसत नाही म्हणून तुम्ही नापास होताय. खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी प्रयोगशाळेला गाळून घेतलेल्या नमुन्याचा बीओडीही करायला सांगा. थोडे जास्त पैसे पडतील, पण ठेकेदाराशी वाद त्या एका आकड्यावर मिटेल.

आता एअरेशन टँकच्या आत. हवा मिसळलेलं ते तपकिरी पाणी म्हणजे मिक्स्ड लिकर, आणि त्यातले कण म्हणजे एमएलएसएस. ढोबळमानाने टाकीत खाणारे किती आहेत, याचा हा आकडा. त्यातला जळणारा, म्हणजे खरोखर सजीव धरता येईल असा भाग एमएलव्हीएसएस म्हणून मोजतात, तो सत्तर-ऐंशी टक्के असतो. सोसायटीच्या कामासाठी एमएलएसएस पुरेसा आहे.

हे खाणारे बाहेरून आणावे लागत नाहीत. मैलापाण्यात ते मुळातच असतात, रोज नवे येतात. मँचेस्टरच्या डेव्हीह्यूम केंद्रात आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ मध्ये जे दाखवलं, त्यावर तुमचा एसटीपी चालतो. सांडपाण्यात नुसती हवा सोडली तर ते पुरतं शुद्ध व्हायला त्यांना आठवडे लागत होते. मग त्यांनी वरचं निवळ पाणी काढून घेतलं, खाली बसलेला गाळ मात्र तसाच ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी भरलं. दर फेरीला वेळ कमी होत गेला आणि शेवटी काम एका दिवसाच्या आत आलं. त्या गाळाला त्यांनी ‘अॅक्टिव्हेटेड स्लज’ नाव दिलं. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले, म्हणून हे तंत्र आपल्याकडेही फार उशिरा आलं नाही. सांगायचा मुद्दा असा की हवा सोडणं आधीही माहीत होतं. शोध लागला तो गाळ राखून ठेवण्याचा. तुमच्याकडे नेमकं तेच होत नाहीये.

खाणारे किती हवेत ते खाणं किती येतंय यावर ठरतं. या गुणोत्तराला एफ-एम रेशो म्हणतात. तुमचं रोजचं खाणं : २५० गुणिले ११० म्हणजे २७.५ किलो बीओडी. टाकीतले खाणारे : ११०० गुणिले १०० म्हणजे ११० किलो. गुणोत्तर ०.२५. एक्सटेंडेड एअरेशनमध्ये ते साधारण ०.०५ ते ०.१५ असावं लागतं. एमएलएसएस ३५०० असता तर टाकीत ३५० किलो असते आणि गुणोत्तर ०.०८ आलं असतं. तुमच्या प्रकल्पाचा आराखडा करणाऱ्याने तेच धरलं असणार, कारण पाणी टाकीत राहण्याचा वेळ म्हणजे एचआरटी तुमच्याकडे जवळपास २२ तास आहे आणि तो या पद्धतीला बरोबर साजेसा आहे. टाकी लहान पडलेली नाही.

मग गाळ वाढत का नाही? इथे मी तुमचं लॉगबुक मागितलं असतं, आणि तुम्ही लिहिलंय की ‘स्लज काढला’ या रकान्यात महिनोन्‌महिने ‘निल’ आहे. आता हिशोब बघा. एक किलो बीओडी खाल्ला की साधारण ०.४ किलो नवा गाळ तयार होतो. २७ किलोंमागे रोज सुमारे ११ किलो. गाळ पिळून काढणाऱ्या फिल्टर प्रेसमध्ये काही काढलं नाही, टाकीतही साठला नाही, मग हे ११ किलो कुठेतरी गेलेच पाहिजेत. अहवालातल्या टीएसएसप्रमाणे बाहेर जाणारा गाळ होतो ६२ गुणिले ११०, म्हणजे पावणेसात किलो. उरलेले चार-सव्वाचार किलो? तेही बाहेरच जातात, पण प्रयोगशाळेचा माणूस येतो त्या वेळी नाही. तो सकाळी अकरानंतर येऊन एकच बाटली भरतो, त्याला ग्रॅब नमुना म्हणतात. दिवसभर ठरावीक वेळाने थोडं थोडं घेऊन एकत्र केलेला तो काँपोझिट. एकदा पहाटे साडेपाच ते सात या वेळात स्वतः खाली जा आणि सेटलिंग टँकच्या काठावरून काय वाहतंय ते पाहा.

काय दिसेल ते सांगतो. ब्लोअर रात्री ११ ला बंद झाला. एअरेशन टँकमधला गाळ तिथेच तळाशी बसला. सेटलिंग टँकच्या तळाशी आधीपासून बसलेला गाळ परत एअरेशनमध्ये जायला हवा, त्याला रिटर्न स्लज म्हणतात. लहान प्रकल्पांत तो बहुतेकदा एअरलिफ्टने, म्हणजे ब्लोअरच्याच हवेवर उचलला जातो. तुमच्याकडे तसं असेल तर ब्लोअरसोबत परतीचा गाळही थांबला. तळाशी अडकलेले जिवाणू श्वास घेतच असतात. विरघळलेला ऑक्सिजन थोड्या वेळात संपतो. मग ते नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि नायट्रोजन वायूचे बुडबुडे सुटतात. हे डिनायट्रिफिकेशन. बुडबुडे गाळात अडकतात आणि गाळाची ढेपच्या ढेप वर येऊन तरंगते. नायट्रेट संपलं की सल्फेटची पाळी, मग हायड्रोजन सल्फाइड, काळा रंग आणि कुजक्या अंड्याचा वास. पहाटे पाचला ब्लोअर सुरू होतो, त्याच सुमारास अख्खी सोसायटी उठते, पाण्याचा लोंढा येतो आणि तरंगलेला गाळ काठावरून पलीकडे. महिनाभर जपून वाढवलेलं कल्चर असं रोज थोडं थोडं जातं, आणि ठेकेदार त्याजागी पावडर टाकतो.

गाळ तरंगण्याच्या या प्रकाराला रायझिंग म्हणतात. बल्किंग हा वेगळा आजार आहे आणि दोघांत गल्लत झाली की उपाय उलटे पडतात. बल्किंगमध्ये गाळ वर येत नाही, तो नीट खाली बसतच नाही. तंतूसारखे लांब जिवाणू वाढतात आणि गाळ कापसासारखा फुगून राहतो. त्यांना कमी ऑक्सिजन मानवतो. फरक ओळखायला एक लिटरचं उभं मोजपात्र पुरतं. एअरेशन टँकमधून ब्लोअर चालू असताना नमुना घ्या, पात्र भरा, सावलीत स्थिर ठेवा आणि अर्ध्या तासाने गाळाची पातळी वाचा. हीच एसव्ही-थर्टी चाचणी. वाचून झालं तरी ओतून टाकू नका, आणखी दीड-दोन तास तसंच ठेवा. आधी छान बसलेला गाळ नंतर बुडबुड्यांसकट वर आला तर रायझिंग. अर्ध्या तासातही पातळी फारशी उतरलीच नाही तर बल्किंग, किंवा गाळच फार जास्त झालाय. ते ठरवायला एसव्हीआय : एसव्ही-थर्टी गुणिले हजार, भागिले एमएलएसएस. तुमचा १८० गुणिले १०००, भागिले ११००, म्हणजे १६४. ८० ते १२० चांगला, १५० च्या वर गेला की काळजी. १८० हा आकडा पाहून ‘गाळ कमी आहे पण बसतो छान’ असं तुमचा ऑपरेटर म्हणाला असेल. तसं नाही. इतक्या थोड्या गाळाने १८० मिलिलिटर जागा व्यापली, म्हणजे तो थोडा फुगलेलाही आहे. रात्री सहा तास हवा न मिळाल्याचाच तो परिणाम.

माझं स्पष्ट मत आहे की महिन्यातून एकदा येणाऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा रोज त्याच वेळी केलेली ही चाचणी तुम्हाला जास्त सांगेल. काचेचं किंवा प्लास्टिकचं एक मोजपात्र आणि भिंतीवर एक आलेखाचा कागद. ऑपरेटरने आकडा लिहायचा, समितीतल्या कुणीतरी आठवड्यातून एकदा त्याच्यासोबत उभं राहून बघायचं. गाळाचा रंग तपकिरी आणि वास ओल्या मातीसारखा असेल तर ठीक. राखाडी किंवा काळा दिसला तर हवा कमी पडतेय.

हवा पुरते का हे डीओ सांगतो, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. एअरेशन टँकमध्ये तो २ च्या आसपास असावा. अर्ध्याच्या खाली गेला की तंतू वाढायला लागतात, ४-५ दिसला तर वीज वाया जातेय. मीटर नसेल तर निदान पाण्याचा पृष्ठभाग बघा. सगळीकडे बारीक बुडबुडे हवेत. एकाच जागी उकळी फुटल्यासारखं दिसलं तर तिथला डिफ्यूझर (तळाशी बारीक बुडबुडे सोडणारी नळी) फाटलाय आणि बाकीच्या टाकीला हवा जात नाहीये.

अहवालात अमोनिकल नायट्रोजन असेल तर त्याकडेही लक्ष असू द्या. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू हळू वाढतात, त्यांना गाळाचं वय लांब लागतं आणि ऑक्सिजनही भरपूर, १ किलो अमोनिया-नायट्रोजनला सुमारे ४.६ किलो. ही प्रक्रिया पाण्यातली क्षारता खाते, म्हणून कधी कधी काहीच बिघडलेलं नसताना पीएच खाली येतो. गाळाचं वय म्हणजे एक कण टाकीत सरासरी किती दिवस राहतो : टाकीतला गाळ भागिले रोज बाहेर जाणारा गाळ. तुमचं आज ११० भागिले ११, म्हणजे १० दिवस. या पद्धतीत ते २० ते ३० दिवस तरी असायला हवं.

करायचं काय? ब्लोअर चोवीस तास चालू करा, आजपासून. आवाजाला बंद पेटी, सायलेन्सर आणि पायाखाली रबर हे उपाय आहेत. ब्लोअर ५.५ किलोवॅटचा असेल तर सहा तास बंद ठेवून ३३ युनिट वाचतात. तुमच्या दराने गुणा आणि पावडर, टँकर व मंडळाची नोटीस यांच्या शेजारी तो आकडा ठेवा. गाळ पूर्वपदावर आल्यावर रात्री टायमरने पाऊण तास चालू, पंधरा मिनिटं बंद असं करता येईल. तेवढ्या विश्रांतीत एअरेशन टँकमध्येच थोडं डिनायट्रिफिकेशन होतं, ते फायद्याचंच. पण सलग तासभरही बंद नको.

रिटर्न स्लज सतत येतोय ना, हे पाइपच्या तोंडाशी उभं राहून पाहा. आवकेच्या निम्म्यापासून पूर्ण आवकेइतका तो फिरला पाहिजे, आणि तपकिरी असला पाहिजे. एमएलएसएस ३००० च्या वर जाईपर्यंत गाळ काढू नका. ३५०० गाठायला २४० किलो वाढवायचे आहेत, रोज ११ किलो तयार होतात, म्हणजे तीन-साडेतीन आठवडे लागतील. घाई असेल तर चांगल्या चालणाऱ्या एखाद्या एसटीपीतून रिटर्न स्लजचा दहा हजार लिटरचा टँकर मागवा. त्यात ८००० मिलिग्रॅमचा गाळ असला तर ८० किलो जिवंत कल्चर एका फेरीत मिळतं, आणि तेही तुमच्यासारख्याच पाण्यावर पोसलेलं. शेणकाला नवा प्रकल्प सुरू करताना चालतो, चालू टाकीत तो बीओडी आणि चोथाच वाढवतो. या काळात पांढरा फेस येईल. गाळ कोवळा असताना तो येतोच, फेसनाशक ओतू नका. घट्ट तपकिरी साय धरली तर मात्र गोष्ट वेगळी, ती म्हाताऱ्या गाळाची आणि स्वयंपाकघरातल्या तेलाची खूण.

नंतर मात्र गाळ काढायलाच हवा. ११ किलो म्हणजे ८००० च्या दाटपणाने रोज सव्वा ते दीड घनमीटर रिटर्न स्लज फिल्टर प्रेसकडे. ‘आमच्याकडे स्लज निघतच नाही’ असं अभिमानाने सांगणारे ऑपरेटर भेटतात. निघतो, फक्त कुठून निघतो ते त्यांना माहीत नसतं. दिवाळीत आणि मे महिन्यात अर्धी सोसायटी गावी जाते, तेव्हा खाणं घटतं, तेवढे दिवस कमी काढा.

आता फ्लशच्या वासाबद्दल. सेटलिंगनंतरच्या टप्प्याला तृतीय प्रक्रिया म्हणतात : वाळूचा फिल्टर, कार्बनचा फिल्टर, हायपो. वाळूच्या फिल्टरनंतर टीएसएस ६२ असूच शकत नाही. एक तर नमुना फिल्टरच्या आधी घेतलाय, किंवा फिल्टर बायपास आहे. फिल्टर वारंवार चोंदतो म्हणून ऑपरेटर बायपासचा व्हॉल्व्ह उघडून ठेवतात, आणि इतका गाळ येत असेल तर तो चोंदणारच. आधी गाळ थांबवा, मग बायपास बंद करून व्हॉल्व्हला कुलूप लावा. हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं की ताकद गमावतं, त्यामुळे ‘रोज तेवढंच टाकतो’ याला अर्थ नाही. अर्धा तास संपर्क मिळाल्यावर उरलेला क्लोरीन अर्धा ते एक मिलिग्रॅम असावा, साध्या किटवर कळतो. पाण्यात गाळ आणि अमोनिया असेल तर क्लोरीन त्यांच्यावरच खर्ची पडतो, जंतूंसाठी उरत नाही, आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी पुन्हा कुजतं. वास तिथून येतो. नागपुरात भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं मैलापाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं, तेव्हा हे पाणी मुळातच वास मारणारं असतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे इतर पद्धती आहेत त्यांच्यासाठी दोन-चार वाक्यं. एमबीबीआरमध्ये जिवाणू प्लास्टिकच्या तरंगत्या चकत्यांवर थर करून राहतात. तिथे चकत्यांवर थर आहे का, चकत्या एका कोपऱ्यात साचल्यात का, हे बघायचं. निव्वळ एमबीबीआरला ३५०० एमएलएसएस मागणारा माणूस दुसऱ्याच प्रकल्पाचं पुस्तक वाचतोय. एसबीआरमध्ये हवा, निवळणं आणि पाणी काढणं एकाच टाकीत पाळीपाळीने होतं, म्हणून घड्याळ बिघडलं की सगळं बिघडतं. एमबीआरमध्ये निवळण्याची टाकीच नाही, गाळ पडद्यातून गाळतात. पाणी सुंदर मिळतं, पडदे महाग पडतात. ईटीपी हे कारखान्याच्या पाण्यासाठी, तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या पत्रात एक ओळ आहे : ‘पुढच्या आठवड्यात कलेक्शन टँक रिकामा करून माणूस उतरवून साफ करून घेणार आहोत.’ उतरवू नका. तळाच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड कोंडलेला असतो आणि पाय पडला, गाळ ढवळला की एकदम सुटतो. दशलक्ष भागांत एका भागाहूनही कमी असताना त्याचा वास येतो, पण शंभरच्या आसपास नाकच बधिर होतं आणि ‘वास गेला, आता उतरा’ असं वाटतं. पाचशे-सातशेला माणूस काही मिनिटांत कोसळतो, त्याहून वर तर एक-दोन श्वासांत. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही राहतो. मेणबत्ती सोडून पाहणं ही चाचणी नव्हे, मिथेन असेल तर ते भलतंच संकट. २०१३ च्या कायद्याने संरक्षण साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्यावर बंदी आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. गटारातल्या मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाखांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. ‘ठेकेदाराने उतरवला’ हे समितीचं उत्तर होऊ शकत नाही. सक्शन टँकर आणि जेटिंगची गाडी बोलवा, झाकणं आदल्या दिवशी उघडून जाळी लावा, काम वरूनच करून घ्या. आणि नव्या करारात, जिथे आत्ता पावडरीचा दर आहे, तिथे ‘टाकीत माणूस उतरणार नाही, सफाई यंत्रानेच’ असं कलम घालून घ्या.